विषय: सांगलीत राहून कॉम्प्युटर फॉरेन्सिक्स, बारावीनंतर काय?

नमस्कार मंडळी,
सांगलीत विश्रामबागला राहणारी भाची यंदा बारावी सायन्सला आहे. तिला कॉम्प्युटर फॉरेन्सिक्सचीच, म्हणजे कॉम्प्युटरमधून पुरावे शोधण्याच्या शास्त्राचीच पदवी हवी. घरचे म्हणतात, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर. जाणकारांचं काय मत? तोवर घरी काय शिकता येईल?
सुनंदा

सुनंदाताई,
घरच्यांचं बरोबर आहे. पदवीचं नाव बघू नका, विषय बघा: ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, सी आणि पायथन. एवढं सांगलीतच वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर सायन्स घेऊन पक्कं होतं. फॉरेन्सिक्स एमएस्सीला करता येईल, गांधीनगरला नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी आहेच. मात्र बारावीचं गणित सोडू देऊ नका.

सरावाला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे. तो एफएटी३२ (फाइली मांडून ठेवायची एक पद्धत) मध्ये फॉरमॅट करून त्यावर दहा-बारा फोटो टाकायचे, दोन-तीन डिलीट करायचे. मग एफटीके इमेजर या सॉफ्टवेअरने अख्ख्या पेनड्राइव्हची ई०१ इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत असलेली फाइल, दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि ती ऑटोप्सी या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. डिलीट केल्यावर फाइलच्या नोंदीतला पहिला बाइट ई५ (डिलीट झाल्याची खूण) होतो आणि जागा मोकळी धरली जाते. फोटो तिथेच असतो. त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं, की तो गेला. म्हणूनच राइट ब्लॉकर (पेनड्राइव्हवर काही लिहू न देणारं साधन) लागतो, कारण नुसता पेनड्राइव्ह लावला तरी विंडोज त्यावर स्वतःचं काहीबाही लिहितं.

इथे बहुतेक मुलं एका ठिकाणी अडकतात. ई०१ फाइलचा हॅश (डेटावरून गणिताने काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढतात, तो पेनड्राइव्हच्या हॅशशी जुळत नाही आणि इमेज बिघडली असं वाटतं. ई०१मध्ये कॉम्प्रेशन असतं, केसची माहिती असते, त्यामुळे फाइलचा हॅश वेगळा येणारच. जुळवायचा तो आतल्या डेटाचा हॅश. इमेजरमधलं व्हेरिफाय तेच करतं.

एसएसडीवर हा खेळ चालत नाही. ट्रिम (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवण्याची सोय) चालू असेल तर डिलीट केलेला डेटा थोड्याच वेळात खरोखर पुसला जातो.

वेळेकडेही नीट लक्ष हवं. एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची नेहमीची पद्धत) वेळ यूटीसीत, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत ठेवतं, एफएटी३२ स्थानिक वेळेत. १२ तारखेला रात्री १ वाजता बनवलेली फाइल यूटीसीत ११ तारखेला १९:३० दाखवते. रिपोर्टमध्ये टाइमझोन लिहिला नाही, तर अख्खा दिवस चुकतो.
प्रसाद

प्रसादने तांत्रिक बाजू सांगितलीच आहे, मी कायद्याचं जोडते. ते तिने पहिल्या वर्षापासून वाचावं. जालन्याच्या निवडणुकीवरून गाजलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्याचा २०२० चा निकाल आधी. मूळ उपकरण हजर न करता प्रत दिली, तर भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग: एक उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश आणि तो कुठल्या पद्धतीने काढला ते लिहावं लागतं. म्हणजे प्रसाद म्हणतो तो हॅश थेट कोर्टाच्या कागदावर जातो.

चालू कॉम्प्युटर ताब्यात घेताना घाईने बंद करू नये, हेही तिला आत्ताच कळू दे. बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) किल्ली तेव्हा रॅममध्ये असते, वीज गेली की तीही जाते. आधी रॅम उतरवून घ्यायची, मग डिस्क.

आणि सराव स्वतःच्याच पेनड्राइव्हवर. मैत्रिणीचा फोन न विचारता उघडणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली गुन्हाही ठरतो.
मेधा