६१.८ टक्क्यांवर बाजार ‘थांबतोच’? मला हे पटत नाही

सातारकर_१९
काल इथे एकाने लिहिलं, ‘सूर्यफुलात आणि शंखात जे गुणोत्तर आहे तेच निफ्टीत आहे, ६१.८ ला डोळे झाकून सौदा करा.’ वाचून रात्री झोप लागली नाही.

निफ्टीचा जानेवारी २०२० चा माथा १२,४३०, मार्चचा तळ ७,५११. त्या घसरणीतले ६१.८ टक्के अंक भरून निघाले की भाव जिथे येतो, ती फिबोनाची रेषा येते १०,५५१ ला. जून संपता संपता भाव तिथे आला आणि मी १०,५०० ला दोन लॉट (सौद्याचे ठरावीक गठ्ठे) शॉर्ट केले, म्हणजे भाव पडेल म्हणून आधीच विकले. दोनशे-अडीचशे अंक नफा दिसलाही. वाटलं, निसर्गाचा नियम आहे, अजून पडेल. जुलैत ११,००० ला सौदा कापला. पाऊण लाख गेले. नोव्हेंबरात निफ्टी जुना माथासुद्धा ओलांडून गेली. नवीन पोरांना ‘डोळे झाकून’ सांगू नका.

चार्टवाली_नाशिक
दादा, तुमच्याच आकड्यांनी तुमचं खोडून निघतंय. रेषेवरून भाव पडला, नफा दिसला. तुम्ही स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्यावर सौदा कापणारी ऑर्डर) लावला नाही, यात रेषेचा काय दोष? मी दहा वर्षं या रेषा वापरते, त्या ‘कुठे चुकलो म्हणायचं’ हे ठरवायला. चढणीनंतर भाव ६१.८ टक्के खाली आल्यावर घेतलं तर ७८.६ च्या रेषेखाली बाहेर. किती जाणार हे आधीच माहीत असतं. शिवाय हजारो लोक तीच रेषा बघतात, म्हणून तिथे ऑर्डरी साचतात.

मास्तर_गणिताचे
हजारो लोक बघतात, पण रेषा एकच काढतात का? कोणी शॅडोपासून (दिवसाच्या सर्वात वरच्या-खालच्या भावापासून), कोणी क्लोजपासून (बंद भावापासून). २३.६, ३८.२, ५०, ६१.८, ७८.६. पाच रेषा मारल्यावर भाव कुठेही वळला तरी एखादी जवळ असणारच! त्यात ५० चा त्या गुणोत्तराशी संबंध नाही आणि ७८.६ म्हणजे ०.६१८ चं वर्गमूळ.

१८ मे २००९ आठवा. निवडणुकीचा निकाल लागलेला. शुक्रवारी निफ्टी ३,६७१, सोमवारी अप्पर सर्किट (ठरलेल्या मर्यादेपलीकडे चढला की व्यवहार थांबतो), ४,३२३. २००८ च्या घसरणीची ३८.२ ची रेषा होती ३,८२० ला. भाव तिच्यावरून उडून गेला. आता ५० टक्क्यांची रेषा ४,३०५ ला येते म्हणून कोणी मिरवू नये. त्या दिवशी भाव सर्किटने थांबवला.

वृत्तवेडा
मुळात ‘फिबोनाची’ म्हणणं थांबवा! १, २, ३, ५, ८ अशी मागच्या दोन संख्यांची बेरीज करत जाणारी मालिका, जिच्या शेजारच्या मोठ्या संख्यांच्या भागाकारातून हे ६१.८ येतं, ती त्याच्या सशांच्या गणितात आली १२०२ ला. त्याच्या पन्नासेक वर्षं आधी आचार्य हेमचंद्रांनी हाच नियम मात्रावृत्तांसाठी दिला.

सातारकर_१९
रेषा देशी निघाली म्हणून माझे पाऊण लाख परत येणार आहेत का?

वृत्तवेडा
पैशांचं सोडा हो, आपलं आपल्याला माहीत नसणं जास्त लागतं. लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रा किती प्रकारे भरतात? गुरु-गुरु, गुरु-लघु-लघु, लघु-गुरु-लघु, लघु-लघु-गुरु, चारही लघु. पाच. तीन मात्रांचे तीन, पाच मात्रांचे आठ. मोरोपंतांच्या आर्या पाठ करणाऱ्यांना हे कोणी सांगितलंच नाही.

कोथरूडकर
हेमचंद्रही पहिले नाहीत. त्यांच्या कितीतरी आधी विरहांक या छंदःशास्त्रकाराने हे सांगितलंय. अर्धवट अभिमान नको.

वृत्तवेडा
विरहांक मान्य. पण ‘अर्धवट’ शब्द मागे घ्या. मी वीस वर्षं छंदःशास्त्र शिकवलंय.

कोथरूडकर
शब्द मागे घेतो. मुद्दा नाही.

मास्तर_गणिताचे
वृत्तवेडा, तुम्ही नकळत माझंच काम केलंत. वृत्तात हा नियम का येतो? शेवटचं अक्षर लघु तरी असतं नाहीतर गुरु तरी, म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज. तिथे कारण आहे. निफ्टीच्या भावात असं कोणतं कारण आहे ते कोणीतरी दाखवा.

वृत्तवेडा
कारण नाहीच. आचार्यांचं नाव जोडून कोणी टिप्स विकल्या तर मला जास्त राग येईल.

डोंबिवली_फास्ट
क्लासवाल्यांवर कोणी बोलतच नाही! मी पंचवीस हजार भरले. सगळे चार्ट मागचे, रेषा प्रत्येक वेळी बरोब्बर. मी विचारलं, आजचा चालू चार्ट लावा. म्हणाले, तो पुढच्या बॅचला. बाजाराची नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) मधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. त्यातला एक मी.

चार्टवाली_नाशिक
क्लासवाल्यांची बाजू मी घेणार नाही. मास्तरांचं ‘कारण दाखवा’ यावर माझ्याकडे ऑर्डरी साचतात यापलीकडे उत्तर नाही, हेही मान्य. पण माझी सौद्यांच्या नोंदींची वही खोटी नाही.

सातारकर_१९
स्टॉपलॉस माझाच चुकला, ताई. तेवढंच मान्य.

मास्तर_गणिताचे
मग वहीच तपासू. पुढचे तीन महिने ६१.८ सोबत ५५ आणि ७० च्या रेषाही काढा. भाव कुठून वळला ते रोज इथे टाका.

चार्टवाली_नाशिक
टाकते. सोमवारपासून, सकाळी सव्वानऊच्या आत. एकदा काढलेली रेषा हलवायची नाही, मी पण नाही आणि तुम्ही पण नाही.