आमच्या घरात हेच येतं

मोगरा_अंगणातला:

परवा वाण्याकडे माझ्यापुढे एक आजोबा उभे होते. दुकानदार म्हणाला, "काका, तुमचा चहा संपलाय. हा घेऊन बघा, स्वस्तही आहे." आजोबांनी मान हलवली. "नको रे, आमच्या घरात तोच येतो." पिशवीची घडी घातली आणि निघाले. मी हातातली यादी विसरून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. हे माझ्या बाबांचं वाक्य होतं. शब्दन् शब्द.

बजाजच्या चेतक स्कूटरमुळे कॉलनीत आम्हाला 'चेतकवाले' म्हणायचे. बाबांनी नंबर लावला १९७८ ला, स्कूटर आली १९८६ ला. नंबर लावला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, स्कूटर आली तेव्हा मी दुसरीत होते. बुकिंगची पावती गोदरेजच्या कपाटात, आईच्या शालूखाली असायची. मधेच काढून बघायचे आणि परत ठेवायचे.

फिकट निळी होती. रोज सकाळी बाबा ती अंगाकडे तिरकी करायचे, क्षणभर धरायचे, सरळ करायचे, मग किक. नाही झाली सुरू तर खाली बसून प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, फुंकर मारायचे. डिकीत पाना, जादा प्लग आणि पिवळं फडकं, या तीन वस्तू कायम. मी पुढे उभी, दादा मधे, आई मागे एका बाजूला पाय सोडून, एक हात स्टेपनीवर. त्या फडक्याचा वास, पेट्रोल आणि ऑईलचा, आजही नाकात आहे.

विजेवरची चेतक पुण्यात आली तेव्हा बाबा मुद्दाम बघायला गेले होते. मी सोबत होते. काही विचारलं नाही, किंमतही नाही. नुसतं त्या नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात माझ्या मुलीने पहिल्या पगारातून हप्ता बांधून दुसऱ्याच कंपनीची स्कूटर घेतली. छान आहे गाडी, पैसे तिचे आहेत. पेढे वाटले, नारळ फोडला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. घराचं आडनाव बदलल्यासारखं वाटत होतं. 

तुमच्या घरी होतं का असं एखादं नाव? लिहा ना.

---

सह्याद्रीवारा:

नंबर!! आमच्याकडे दोन लावले होते, एक काकांचा, एक आजोबांचा. आजोबांचा लागला तेव्हा आजोबा नव्हते. लोक घरी येऊन वर पैसे द्यायला तयार होते. काका म्हणाले, अण्णांची गाडी विकायची नाही. पुढच्या काचेवर 'अण्णा' लिहून घेतलं होतं.

---

पेन्सिलीचं_टोक:

नटराज!! लाल-काळे पट्टे. आमच्या वर्गात नटराजवाले आणि अप्सरावाले असे उघड दोन गट होते. चौथीच्या शिष्यवृत्तीला बाई म्हणाल्या अप्सरा आणा, अक्षर गडद येतं, तर मी घरी येऊन रडले होते. माझ्या बाकावरची मैत्रीण अप्सरावाली. तिच्याशी महिनाभर अबोला. कॉलेजात असताना कुठेतरी वाचलं की दोन्ही हिंदुस्थान पेन्सिल्सच्याच! पहिला फोन तिलाच केला. ती आजही माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे.

---

गोदाकाठ:

@पेन्सिलीचं_टोक मी अप्सरावाली 😄 आणि सालींचं काय करायचात? आम्ही दुधात भिजवून खोडरबर होतो म्हणून डबीत ठेवले होते. आठ दिवसांनी घरभर वास. आईने डबीसकट फेकलं.

---

पेन्सिलीचं_टोक:

@गोदाकाठ आमच्याकडे ताकात 😂 कॅम्लिनचा कंपास होता ना, तो पिवळा-केशरी पत्र्याचा, त्यातच. आजोबा कॅमलची शाई वापरायचे, म्हणायचे ही दांडेकरांची, आपल्या माणसाची कंपनी, १९३१ पासूनची. त्यामुळे कंपास दुसरा येणं शक्यच नव्हतं.

---

वऱ्हाडी_मन:

ताई, लिहिलं छान, डोळ्यात पाणी आलं. पण एक बोलतो, राग मानू नका. ती निष्ठा नव्हती, टंचाई होती. कारखान्याने वर्षाला किती गाड्या काढायच्या हे सरकारचं लायसन्स ठरवायचं. मागणी भारी, गाड्या थोड्या, म्हणून रांग. माझे वडील पण थांबले नऊ वर्षं. दुसरी चांगली गाडी मिळाली असती तर तीच घेतली असती त्यांनी. १९९१ नंतर बाजार उघडला आणि ज्या घरांत 'हेच येतं' होतं त्याच घरांत पाच वर्षांत मोटरसायकली आल्या. माणूस ब्रँडला चिकटत नाही ताई, जे मिळतं त्याला आपलं म्हणतो.

---

मोगरा_अंगणातला:

@वऱ्हाडी_मन राग कसला दादा. रांग टंचाईमुळे होती हे मान्यच आहे. पण जे मिळालं त्याला बाबांनी आपलं म्हटलं, ते म्हणणं तर खरं होतं ना? दादाने १९९८ ला मोटरसायकल घेतली, तेव्हाही बाबा रविवारी चेतकच पुसायचे. तेव्हा तर सगळं मिळत होतं.

---

वऱ्हाडी_मन:

हे मात्र खरं. आमच्या बाबूजींनी पण नाही विकली.

---

निगडीची_माहेरवाशीण:

माझे बाबा आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात लाईनवर होते. तुमची फिकट निळी त्यांच्या हाताखालून गेली असेल कदाचित. रस्त्यात कोणाची गाडी बंद पडलेली दिसली की बाबा थांबायचेच. सिनेमाला उशीर होतोय, आई चिडलीये, तरी थांबायचे. म्हणायचे, "आपली आहे ती." १९८९ ला टीव्हीवर ती 'हमारा बजाज'ची जाहिरात लागायला लागली तेव्हा बाबा जेवता जेवता हात थांबवायचे. आम्हाला वाटायचं जाहिरात आमच्या घरावरच केलीय.

---

उंबरठा:

कैलास जीवन अजून मिळतं का हो कुठे? इथे भोपाळात नाही मिळत. विषय वेगळा आहे, माफ करा, पण वाचता वाचता आजीची डबी आठवली.

---

गोदाकाठ:

@उंबरठा मिळतं की. भाजलं, कापलं, टाचेला भेगा, झोप येत नाही, सगळ्याला तेच. पुण्याहून कोणी येणार असेल तर सांगा त्यांना. मोठी डबी मागवा, छोटी पुरत नाही.

---

काळी_माती:

दुपारपासून वाचतोय. लिहू की नको करत होतो.

आमच्या घरात 'हेच येतं' नव्हतं. आमच्याकडे सगळं सुटं यायचं. वडील मार्केट यार्डात हमाल. चहापत्ती कागदाच्या पुडीत, रोजची रोज. तेल बाटली घेऊन आणायचं, जेवढे पैसे तेवढं. दात राखुंडीने. पुडीवर नाव नसायचं, जुन्या पेपरातली बातमी असायची. मी वाचायला शिकलो तो त्या पुड्यांवर.

नाव असलेली पहिली वस्तू घरात आली ती पार्ले-जी. मामा आला होता म्हणून आणला. तेव्हा मेणकागद असायचा त्याला. बहिणीने तो कागद तळहाताने सपाट केला, पुस्तकात ठेवला. पुस्तक उघडलं की गोड वास यायचा. वर्ष संपेपर्यंत वास गेला तरी ती कागद उघडून दाखवायची, हा बघ आमचा.

आता माझा मुलगा सातवीत आहे. जूनमध्ये बूट घ्यायला गेलो. चांगले मजबूत बूट काढले दुकानदाराने. मुलगा म्हणाला, "पप्पा, यावर चिन्ह नाहीये. वर्गात सगळे खाली बघतात आधी." खाली बघतात म्हणजे पायाकडे. मला कळलं. आमच्या वर्गातही बघायचे, फक्त तेव्हा बूट आहे की नाही एवढंच बघायचे. मी चिन्हवाले घेतले, तिप्पट पैसे दिले. घरी येऊन ताटावर बसलो आणि घास उतरेना. मुलावर राग नव्हता. त्याला मी सुटं आयुष्य देऊ इच्छित नाही. पण त्याची ओळख त्या चिन्हावर टांगलेली बघवत पण नाही.

तुम्ही सगळे ज्या नावांबद्दल लिहिताय ती नावं तुमच्या घरात राहायला आली, घरचीच झाली. माझ्या मुलाला नाव आधी लागतं, मग वर्गात जागा मिळते. हे वेगळं आहे. मला नीट सांगता येत नाहीये.

---

मोगरा_अंगणातला:

@काळी_माती दादा, नीट सांगितलंत. मी दोनदा वाचलं. तुमच्या बहिणीकडे आहे का हो तो कागद?

---

काळी_माती:

नाही ताई. पुरात घर गेलं त्यात गेला. पण तिच्या घरी आजही डब्यात पार्ले-जीच असतो. तिची मुलं महागडी बिस्किटं खातात, ती चहात हाच बुडवते.

---

सह्याद्रीवारा:

@काळी_माती मुलाला हे वाचायला द्या एकदा. आता नाही, दहावीनंतर.

---

गिरगावची_पाऊलवाट:

आमच्याकडे पापड. माझी आई लिज्जतची बहीण होती. बहीणच म्हणतात, कामगार नाही, कारण मालकी सगळ्यांची. १९५९ ला आमच्या गिरगावातच सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलं, हे आईने आम्हाला शिवाजी महाराजांच्या गोष्टीसारखं सांगितलंय. सकाळी शाखेतून मळलेलं पीठ आणायची, दुपारभर लाटायची, पालथ्या टोपलीवर सुकवायची, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायची. जाडी-आकार बघून घेत. आम्हा मुलांना त्या वेळात खोलीत पळायला बंदी, धूळ उडते म्हणून. लाटून लाटून आईच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, घट्टा पडला होता. मी झोपताना तिथे बोट फिरवायचे.

माझी दहावीची फी, मंगळसूत्रातले दोन मणी, त्या पापडांचे. आता सुनेने एकदा दुसरा पापड आणला, चांगला होता चवीला. आई काही बोलली नाही. पापड उचलून उजेडाकडे धरला, परत ठेवला आणि वरणभात जेवली. सून शहाणी आहे, तेव्हापासून बघून आणते.

---

उंबरठा:

@गिरगावची_पाऊलवाट उजेडाकडे धरला 🙏 माझी आजीपण तसंच बघायची.

---

हडसनकाठचा_मराठी:

एडिसन, न्यू जर्सी. इथे दुकानात लोणच्याच्या तीस बरण्या असतात, मी बेडेकरांची उचलतो. १९१० सालची पेढी, आजोबा गिरगावात त्यांच्याकडूनच आणायचे. बायको सोलापूरची, तिला त्यात तिखट कमी वाटतं, ती वरून घालते. मुलांना दोन्ही नको. पण बरणी संपली की मोठी मुलगी न सांगता दुकानात तीच उचलते. विचारलं का, तर म्हणाली, "दॅट्स अवर्स." मी तिला जवळ घेतलं तिथेच, बिलाच्या रांगेत.

---

पितळी_घंगाळ:

एचएमटी. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, चावीचं. २०१६ ला घड्याळांचा कारखाना बंद झाल्याची बातमी आली त्या दिवशी ह्यांनी दोनदा चावी दिली. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

---

पानापक्कड:

@मोगरा_अंगणातला ताई, गाडी आहे का अजून? की विकली?

---

मोगरा_अंगणातला:

आहे. पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली. बाबा गेल्यापासून कोणी हात लावला नाही.

---

पानापक्कड:

मग ऐका. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका, ते सडलेलं असणार. कार्ब्युरेटर साफ करून घ्या. टायर हवा भरून एक रात्र ठेवा, धरतात का बघा. क्लच आणि गिअरच्या केबलला ऑईल सोडा, हँडलमध्ये अडकल्या असतील. प्लग नवा टाका पण जुना फेकू नका. मी तीस वर्षं याच गाड्या केल्यात, दोन वर्षं म्हणजे काहीच नाही, सुरू होते.

---

मोगरा_अंगणातला:

लेकीला तुमचं वाचून दाखवलं. ती आत्ताच खाली गेली आणि ताडपत्री काढून आली. हात काळे झालेत. डिकी उघडली, म्हणाली, आई, फडकं आहे. रविवारी ती किक मारणार आहे. तिला सांगितलंय, आधी अंगाकडे तिरकी करायची, क्षणभर धरायची.

---

पानापक्कड:

शाब्बास. आणि पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल टाकायला विसरू नका हां. हल्लीच्या मुलांना माहीत नसतं. नुसत्या पेट्रोलवर चालवली तर पिस्टन जाम होईल.