आयएल-६ एलायझा: डुप्लिकेट जुळत नाहीत, नमुना पातळ केला की आकडा कोसळतो

प्रश्न
ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांच्या सीरममध्ये सँडविच एलायझाने (दोन अँटिबॉडींमध्ये रेणू पकडून रंगावरून मोजण्याची चाचणी) आयएल-६ (दाहाशी संबंधित प्रथिन) मोजतो आहोत. डुप्लिकेटचा (एकाच नमुन्याच्या दोन मोजण्यांचा) सीव्ही (सरासरीच्या तुलनेत आकड्यांचं विखुरणं) २५ टक्क्यांवर जातो, कडेच्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यांत) जास्तच. शिवाय काही नमुने पातळ न करता ६० पिकोग्रॅम/मिली दाखवतात, पण १:४ करून चारने गुणले की जेमतेम ९ येतात. स्टँडर्ड कर्व्ह (ज्ञात प्रमाणांवरून काढलेला आलेख) मात्र झकास आहे. किटच बदलावं का?

प्लेटवाला
कर्व्ह चांगला येतोय म्हणजे अँटिबॉडी आणि एन्झाइम धड आहेत. किट बदलू नका. आधी ओडीचे (रंगाच्या गडदपणाचे) आकडे प्लेटच्या नकाशावर मांडा. कडेला फरक असेल तर तापमानाचा प्रश्न: फ्रीजमधली थंड प्लेट लगेच वापरली की कडेचे वेल आधी तापतात. पाकीट न फोडता अर्धा तास बाहेर ठेवा, सीलर नीट चिकटवा, प्लेट एकावर एक रचू नका. एकाच रांगेत ओडी चढा असेल तर वॉशरची सुई तुंबलेली असते. दर वॉशला वेल ३००-४०० मायक्रोलिटरने पूर्ण भरा, शेवटी प्लेट उलटी करून टिश्यूवर आपटा, पण वेल कोरडे पडू देऊ नका.

फरक कुठेही विखुरलेला असेल तर मला फायब्रिनचा संशय येईल. रक्त पूर्ण गोठण्याआधी सेंट्रिफ्यूज केलं की सीरममध्ये बारीक तंतू राहतात. तो तंतू वेलच्या तळाला चिकटतो, कॉन्जुगेट (एन्झाइम जोडलेला घटक) धरून ठेवतो, आणि टीएमबी (एन्झाइममुळे रंग देणारं द्रव्य) टाकल्यावर तेवढ्याच जागी गडद निळा ठिपका उमटतो. गोठवलेले नमुने वितळल्यावर १०,००० जी वर ५ मिनिटं फिरवा आणि वरचाच भाग घ्या.

इम्युनोअ‍ॅसे
दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. या रुग्णांच्या रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (इतर अँटिबॉडींना चिकटणारी अँटिबॉडी) असतो. तो कॅप्चर (वेलच्या तळाला बसवलेल्या) आणि डिटेक्शन (रंगासाठी वरून टाकलेल्या) अँटिबॉडीच्या एफसी भागांना (शेपटांना) धरून मधे पूल बांधतो. आयएल-६ नसतानाही रंग येतो. पातळ केल्यावर तो पूल तुटतो, म्हणून ६० चे ९ झाले. खरा आयएल-६ असता तर १:२ आणि १:४ ला, गुणून, आकडा साधारण २० टक्क्यांच्या आत राहिला असता.

किटच्या अँटिबॉडी उंदराच्या असतील तर डायल्युएंटमध्ये (पातळ करायच्या द्रवात) नॉन-इम्यून माउस आयजीजी, म्हणजे उंदराची साधी अँटिबॉडी, (१०० मायक्रोग्रॅम/मिलीपासून सुरुवात करा) किंवा तयार हेटेरोफिलिक ब्लॉकर (असे खोटे पूल अडवणारं द्रव्य) घाला, नमुना त्यात अर्धा तास ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा निम्म्याहून खाली आला तर आधीचा रिपोर्ट देऊ नका. ९ सुद्धा एवढ्यात देऊ नका. पातळ नमुन्याची ओडी सर्वात खालच्या स्टँडर्डच्या वर आहे ना, ते आधी पाहा.

कोण टोसिलिझुमॅबवर (आयएल-६ चा रिसेप्टर अडवणारं औषध) आहे तेही विचारा. रिसेप्टर अडला की आयएल-६ रक्तात साठतो. तो चढा आकडा खरा असतो, पण आजार बळावल्याची खूण म्हणून वाचू नका.

प्रश्नकर्ता
दोन्ही अँटिबॉडी उंदराच्याच आहेत. याच नमुन्यांत सीआरपीही (दाहात वाढणारं दुसरं प्रथिन) करायचं आहे, तेच डायल्युशन चालेल?

प्लेटवाला
अजिबात नाही. सीआरपी मिलिग्रॅम/लिटरमध्ये असतं, म्हणजे आयएल-६ च्या लाखो पट. किमान १:१००० करावं लागतं, तेही एका झटक्यात नाही: १० मायक्रोलिटर ९९० मध्ये, मग त्यातले १०० नव्या ९०० मध्ये, दरवेळी टिप बदलून. नमुना आणि डिटेक्शन अँटिबॉडी एकत्र टाकायचं किट असेल तर दोन डायल्युशन लावाच. हुक इफेक्टमुळे (रेणू अति झाले की दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंवर अडकून रंग घटतो) अतिशय चढा नमुना मध्यम दिसतो आणि कर्व्हवरून ते कळत नाही.