दीर्घिकांचा ‘समूह’ की ‘गुच्छ’? आणि ‘व्हॉइड’ला काय म्हणायचं?

मृगशीर्ष : ईरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीवर लेख लिहितेय. ‘गॅलेक्सी’ला दीर्घिका, हे पक्कं, आकाशगंगा फक्त आपली. ‘फिलामेंट’ला, म्हणजे दीर्घिकांच्या गर्दींना जोडणाऱ्या वायूच्या धाग्याला, तंतू चालेल. अडलंय ते ‘क्लस्टर’पाशी, समूह की गुच्छ? ‘व्हॉइड’साठी एका जुन्या कात्रणात ‘विवर’ सापडलं.

काथ्याकूट : विवर अजिबात नको! ईरोसिटाची पहिली यादी ३१ जानेवारी २०२४ ला आली. त्यात अर्ध्या आकाशातले क्ष-किरणांचे सुमारे ९ लाख स्रोत आहेत, आणि त्यातली ७ लाखांच्या वर महाकाय कृष्णविवरं. म्हणजे तुमच्या लेखात दर दोन ओळींआड कृष्णविवर येणार. तिथे जवळपास काहीच नसलेल्या जागेलाही विवर म्हटलंत, तर वाचक डोकं धरून बसेल. पोकळी लिहा. निर्वात पोकळीशी गल्लत वाटली तर पहिल्यांदा ‘महापोकळी’.

अनुराधा_न : माझं मत गुच्छाला. तारकागुच्छ आपण म्हणतोच, कृत्तिका घ्या. शिवाय खगोलवाले ‘ग्रुप’ आणि ‘क्लस्टर’ वेगळे धरतात. काही डझन दीर्घिका असतील तर समूह, शेकड्यांनी-हजारांनी असतील तर गुच्छ. समूह हा शब्द मोठ्याला देऊन टाकलात तर धाकट्याला काय उरलं?

मृगशीर्ष : पटलं. पण क्ष-किरणांत तर दीर्घिकांपेक्षा त्यांच्यामधला वायूच झळकतो. मग गुच्छ तरी कसला?

अनुराधा_न : नाव जुनं आहे. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एबेल यांनी १९५८ मध्ये फोटोच्या काचांवर दीर्घिकांची दाटी मोजून यादी केली. डोळ्यांना दिसलं त्यावरून नाव पडलं. प्रत्यक्षात दीर्घिकांमधला वायू सगळ्या ताऱ्यांच्या मिळून वस्तुमानाच्या कितीतरी पट भरतो, आणि दोन्ही धरूनही एकूण वजनाचा पाचवा हिस्सा होत नाही. बाकी कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारं द्रव्य. त्या सगळ्याच्या गुरुत्वाकर्षणाने वायू कोट्यवधी अंश तापतो, म्हणून क्ष-किरणांत उजळतो. साध्या प्रकाशात एकामागे एक उभ्या दोन टोळ्या एकच गर्दी वाटू शकतात. तापलेल्या वायूचा पसरट उजेड दिसला, की हे खरंच एका गुरुत्वाकर्षणाने बांधलेलं कुटुंब आहे असं धरता येतं. पहिल्या यादीत असे १२ हजारांच्या आसपास गुच्छ आहेत. कुठल्या काळात किती वजनाचे किती गुच्छ होते, यावरून विश्वातलं द्रव्य कसकसं गोळा होत गेलं ते ताडतात. तेव्हा गुच्छच ठेवा, फक्त ‘गुच्छातला तप्त वायू’ असं एकदा स्पष्ट लिहा.

काथ्याकूट : तंतूला हरकत नाही. तंतूंमधला वायू विरळ, गुच्छातल्यापेक्षा थंड, म्हणून दिसायला महाकठीण. तरी त्या यादीबरोबर दोन गुच्छांना जोडणारा ४.२ कोटी प्रकाशवर्षं लांबीचा एक तंतू जाहीर झाला. गुच्छ, तंतू आणि पोकळ्या मिळून जे बनतं त्याला ‘वैश्विक जाळं’ही ठीक, फक्त ‘कोळ्याचं जाळं’ म्हणू नका. कोकणातला वाचक मासेमारीचं समजेल :)

मृगशीर्ष : आणि ‘सुपरक्लस्टर’?

अनुराधा_न : महागुच्छ, म्हणजे गुच्छांचा गुच्छ. पुण्याच्या आयुका आणि आयसर या विज्ञानसंस्थांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला, ४०० कोटी प्रकाशवर्षांवर ‘सरस्वती’ शोधला, तो महागुच्छच. तो क्ष-किरणांतून नव्हे, दीर्घिकांच्या सर्वेक्षणातून सापडला, एवढं लक्षात ठेवा.

मृगशीर्ष : ‘ऑल-स्काय सर्व्हे’ला ‘सर्वाकाश सर्वेक्षण’ लिहिलंय. जिभेला जड जातंय.

काथ्याकूट : मथळ्यात राहू द्या. मजकुरात ‘ईरोसिटाने सगळं आकाश पिंजून काढलं’ लिहा. दर सहा महिन्यांनी एक फेरी, असा क्रम होता. क्रियापद मात्र भूतकाळातच हवं. रशियन यानावरची ही जर्मन दुर्बीण युक्रेन युद्ध पेटल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये निजवली. ठरलेल्या आठ फेऱ्यांपैकी चार पुऱ्या झाल्या होत्या, पाचवी अर्धवट राहिली. ‘पिंजून काढत आहे’ असं लिहिलं असेल तर खोडा.