घनता जास्त असूनही पोलादात ध्वनी वेगवान कसा?

प्रश्न: ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसच्या हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, पाण्यात १,४८० मीटर आणि पोलादात जवळजवळ ५,९०० मीटर असतो. जड कणांना हलवणे अवघड असताना असे का व्हावे?

प्रतिसाद १: आपली शंका रास्त आहे, कारण केवळ घनता वाढली तर वेग खरोखरच कमी होतो, मात्र पोलादातील अणू एकमेकांशी इतके घट्ट बांधलेले असतात की त्याची ताठरता, म्हणजे दाबाला होणारा विरोध (जो ध्वनीचा वेग वाढवतो), हवेच्या तुलनेत घनतेपेक्षाही कितीतरी अधिक पटींनी वाढलेली असते.

प्रतिसाद २: हेलियमचे उदाहरण मला फार बोलके वाटते. दाबाला त्याचा विरोध जवळपास हवेइतकाच, पण घनता सुमारे एक सप्तमांश, म्हणून वेग जवळजवळ तिप्पट.

प्रश्नकर्ता: म्हणजे जड आणि मऊ शिशात वेग पोलादापेक्षा कमी असणार?

प्रतिसाद १: होय, निम्म्याहूनही कमी.