गोजी बेरी वाळता वाळत नाहीयेत, बरणीत बुरशी धरली. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात मिडलँड्सला राहते. मागच्या कुंपणालगत तीन वर्षांपूर्वी गोजीचं वीतभर रोप लावलं. पहिल्या वर्षी नुसती पानं, दुसऱ्या वर्षी मोजून अकरा फळं. फळ त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतं असं कळलं म्हणून यंदा फेब्रुवारीत मन घट्ट करून छाटलं, तर झुडूप असलं माजलंय की जमिनीला टेकलेल्या फांद्यांनी तिथेच मुळं धरलीत. ऑगस्टपासून लालभडक फळं लटकताहेत. सासूबाई नाशिकहून आल्यात, त्या याला "तुझी लवंगी मिरची" म्हणतात. दिसतंही तसंच.

तोडायची कला जमली. बोटांनी ओढलं की फळ दबतं आणि तासाभरात तिथे काळं पडतं, शिवाय काटे. म्हणून खाली जुनी चादर अंथरून फांदी हलवते, पिकलेलं तेवढं पडतं. घोडं अडलंय ते वाळवण्यात.

पहिला घाणा सासूबाईंनी खिडकीच्या काचेमागे ताटात पसरला, साबुदाण्याच्या पापड्या घालाव्यात तसा. इथलं सप्टेंबरचं ऊन म्हणजे नावालाच. सहा दिवसांनीही फळं टम्म. मग मी वैतागून ओव्हन ७० अंशांवर लावला. चार तासांत वरून छान सुरकुत्या, हाताला कोरडी. बरणीत भरली. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस वास, तळाशी गोळा, आणि एक फळ फोडलं तर आत गर चिकट, बियांभोवती पांढरे तंतू. सगळं फेकलं. जीव हळहळला.

काय चुकतंय? तापमान किती ठेवू? अर्धी चिरली तर चालतील का? आणि ताजी खाल्ली तर मागाहून कडवट लागतात, टोमॅटोच्या देठाजवळची चव असते ना, तशी. ती वाळल्यावर जाते का? सासऱ्यांना रोज मूठभर भिजवून द्यायचा बेत आहे, त्यांची हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाल्यापासून अशक्तपणा आहे.

---

बेदाणाशेड: ताई, मी तासगावकडचा. गोजी हातात कधी धरली नाही, पण तुमचं दुखणं ओळखीचं आहे. फळाच्या सालीवर मेण असतं, ते आतलं पाणी बाहेर येऊ देत नाही. द्राक्षं नुसती टाकली तर आमचीही अशीच बसून राहतील. म्हणून आम्ही लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घातलेल्या पाण्यात घड बुडवतो, दोन-चार मिनिटं, मग शेडमध्ये जाळीवर. पंधरा दिवसांत बेदाणा. चार किलो द्राक्षाला किलोभर. चीनमध्ये निंगशियाला गोजी पिकते, तिथेही सोड्याच्या पाण्यातून काढून मगच पसरतात असं वाचलंय. कारण तेच.

घरी एवढा खटाटोप नको. उकळत्या पाण्यात वीसेक सेकंद, लगेच गार पाण्यात, फडक्यावर टिपून घ्या. नाहीतर प्रत्येकाला सुई टोचा. चिरली तरी चालेल, फक्त ताटाला चिकटतील. आणि ७० अंश फार झाले. वरची साल कडक होते आणि आतलं पाणी कोंडतं. ५० च्या आसपास ठेवा, ओव्हनच्या दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेवा. वेळ लागेल, रात्र जाईल. दुसरं, गरम असताना पारखू नका. गार झाल्यावर दाबून बघा.

कुंडीतली_जास्वंद: वरच्यांना अनुमोदन. एक भर: भरलेली बरणी आठवडाभर रोज हलवायची. काचेला आतून दव दिसलं की परत ओव्हनमध्ये. नाहीतर सरळ ताजीच फ्रीजरमध्ये टाका, झंझट नाही. कडवटपणा पूर्ण पिकल्यावर बराच कमी होतो. चादरीवर आपणहून पडलेलीच घ्या, केशरी झाक असलेली राहू द्या. बाकी तुमच्याकडे हे झुडूप नवं नाही, अठराव्या शतकापासून 'ड्यूक ऑफ आर्गाइल्स टी ट्री' या नावाने कुंपणांत वाढतंय. चहाचं रोप आणि हे, दोघांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली म्हणून ते नाव, असं सांगतात.

औषधवाली: वाळवणाचं राहू दे, आधी हे सांग: सासऱ्यांना झडप बसवल्यावर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? वॉरफरीन? असेल तर गोजी देऊ नकोस. गोजीचा चहा किंवा रस घेतल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढल्याच्या, रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. "फळच तर आहे" असं म्हणून चालत नाही. याआधी दिली असशील तर लपवू नकोस, डॉक्टरांना फोन करून सांग आणि तपासणी कधी करायची ते विचार.

---

धागाकर्ती: औषधवाली ताई, आहे. वॉरफरीनच. तुमचा प्रतिसाद वाचून हातपाय गार पडले. दोन दिवस पाच-पाच ताजी खाल्ली होती त्यांनी. लगेच फोन केला, दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, आकडा ठीक निघाला. बाबा चिडलेत, "मनुका तरी खाऊ का" म्हणून विचारतात.

बेदाणाशेड दादा, दुसरा घाणा तुमच्या पद्धतीने केला. अर्धा किलो फळं, ५० अंश, चमचा अडकवून. संध्याकाळी सातला लावला, सकाळी नऊला काढला. शंभर ग्रॅमच्या थोडं वर भरलं. पाच दिवस झाले, बरणी कोरडी आहे. चवीला मनुका आणि वाळवलेला टोमॅटो यांच्या मधलं काहीतरी. मुलगी पोह्यांवर घालून खाते.

आता एकच. पाऊस लागल्यापासून खालच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं आलंय. ही तुमची द्राक्षावरची भुरीच ना? फळं अजून बरीच आहेत, त्यामुळे खायच्या फळांवर चालेल असं काय मारू?