मदत हवी आहे: गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या धनगरवाड्यावरील मुलांची ‘रानाची वही’

नमस्कार. म्हादई अभयारण्याच्या कडेच्या एका वाड्यावर आम्ही गवळी-धनगर मुलांचा संध्याकाळी अभ्यास घेतो. पहिली ते चौथी, सगळी एकत्र, मराठी माध्यम. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. वाघाचा विषय निघाला की इथली मोठी माणसं अजूनही गप्प होतात. वाघाने म्हैस मारली की घरची मिळकतच जाते, हेही तितकंच खरं.

तक्ते, व्हिडिओ दाखवून झाले. मुलं रमली नाहीत. पण ओढ्याकाठच्या चिखलात गव्याचा खूर कुठला आणि म्हशीचा कुठला, हे तिसरीतली मुलगी बोट ठेवून सांगते! म्हणून वही सुरू करायची आहे: तारीख, पट्टीने मोजलेला ठसा, चित्र, दोन ओळी वर्णन. गणित आणि भाषा दोन्ही त्यातच येतं.

अडचण पालकांची. वही वनखात्याच्या हाती लागली तर आपल्याच अंगाशी येईल, अशी त्यांना धास्ती आहे, आणि मला ती रास्त वाटते. मुलांना खबरे बनवायचं नाही.

मुलांना अभयारण्यात नेणार नाही. वाडा, कुरण आणि ओढा एवढंच. वाड्यावर रेंज नाही, त्यामुळे अ‍ॅप नको. निधीही मागत नाही.

अशी वही कुणी चालवली आहे का? त्यात ठशाची नेमकी जागा लिहू द्यावी का, आणि वही कुणाच्या ताब्यात असावी? गुरांच्या नुकसानभरपाईचे अर्ज पालकांसोबत भरण्याचं काम याला जोडावं, की वेगळंच ठेवावं?